पाळीव सशाचा चावरेपणा

पाळीव ससा माणसाच्या बोटास, पायास अथवा वस्त्रास पटाशीच्या दातांनी जो क्षणभर चिमटा घेतो, तो कातडी फाडून रक्त काढणाऱ्या दंशाहून वेगळा मानणे अगत्याचे आहे. कारण चिमट्यामागे बहुधा काहीतरी कळविण्याचा हेतू असतो, तर खरा दंश हा भयाने व्याकूळ झालेल्या किंवा आपल्या हद्दीचे रक्षण करण्यावाचून गत्यंतर न उरलेल्या प्राण्याचा अखेरचा उपाय असतो. पालकांची जी तक्रार असते, ती बहुतेक वेळा पहिल्या प्रकाराची असते, आणि तिचा इलाज सशापेक्षा पालकाच्या हाताच्या वळणात शोधावा लागतो.

पाळीव सशांचे सारे वाण आयबेरियन द्वीपकल्प व नैर्ऋत्य फ्रान्स येथील एकाच वन्य जातीपासून (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) निघालेले आहेत. ही जाती बिळे खोदून समुदायाने राहणारी, हनुवटीखालील ग्रंथीच्या स्रावाने आपली हद्द आखणारी आणि सदैव शिकाऱ्यांच्या धाकात वावरणारी आहे. महाराष्ट्रातील माळरानांवर आढळणारा ससा (लेपस नायग्रिकॉलिस) हा निराळा प्राणी होय. तो बिळे खोदीत नाही, वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये त्यास संरक्षण आहे, आणि शेतात सापडलेले त्याचे पिल्लू घरी आणून पाळणे हे कायद्याने व दयेनेही वर्ज्य आहे.

सशाला एकंदर २८ दात असतात. वरच्या पटाशीच्या दातांमागे खुंट्यांसारखे आणखी दोन लहान दात असून, पटाशीचे दात आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर या गतीने जन्मभर वाढत राहतात. तेव्हा वाळलेले गवत मुबलक न मिळाल्यास तो जे समोर येईल ते कुरतडू लागतो, आणि त्यात धोतराचा सोगा किंवा साडीचा काठ सापडला, तर त्यास चावरेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही अंगांस असल्यामुळे त्यास जवळजवळ चहूकडचे दिसते, परंतु नाकाच्या थेट पुढचा व हनुवटीखालचा भाग तेवढा दिसत नाही. तेथील वस्तू तो मिशांनी व ओठांनी चाचपतो. गाजराचा वास लागलेले बोट नेमके तेथेच पुढे केले, तर ते खाण्याजोगे आहे की नाही याची परीक्षा दातांनी होणार, हे उघड आहे.

पिंजऱ्यातील चावा अधिक गंभीर असतो. पालक वाडगे उचलण्यासाठी दारातून हात घालतो, त्या क्षणी मादी कान पाठीशी सपाट करते, शेपूट ताठ उचलते, घशातून लहानसा गुरगुराट करते आणि पुढचे दोन्ही पंजे हातावर आपटून मगच दात लावते. म्हणजे इशारा आधी दिलेला असतो, त्याची दखल मात्र घेतली जात नाही. वेदनेने हात झटक्याने मागे जातो, आणि चावल्याने हात दूर होतो हा धडा ती तत्काळ शिकते. म्हणून ससा बाहेर मोकळा असतानाच पिंजऱ्याची सफाई करावी, त्यास स्वेच्छेने बाहेर येण्याची मुभा द्यावी, आणि त्याच्याशी ओळख जमिनीवर बसून, हात बाजूने व किंचित वरून आणीत, कपाळावरून फिरवून वाढवावी. उचलून घेणे बहुतेक सशांस शिकाऱ्याने पकडल्यासारखे वाटते. उचलणे भागच असेल, तर मागील अंगास भक्कम आधार द्यावा, कारण जोराने झाडलेल्या मागच्या पायांनी त्याचा स्वतःचाच कणा मोडू शकतो. चिमटा बसताच बारीक, तीव्र ‘ई’ असा स्वर काढणे हे सशास समजते. मारणे, ओरडणे किंवा कोंडून ठेवणे यांनी केवळ भय वाढते, आणि भय हेच चाव्याचे मूळ आहे.

सुमारे चार ते सहा महिन्यांच्या वयात प्रजननक्षमता येते, तेव्हा शांत पिल्लूही अकस्मात आक्रमक होते. नर पायांभोवती गुणगुणत घिरट्या घालतो, तर मादी खोट्या गर्भधारणेच्या सुमारे १६ ते १८ दिवसांत केस उपटून घरटे रचते व त्याचे कडवेपणाने रक्षण करते. निर्बीजीकरणाने हा स्वभाव काही आठवड्यांत पुष्कळसा निवळतो, आणि मादीस गर्भाशयाच्या कर्करोगापासूनही संरक्षण लाभते. सशास उलटी करता येत नाही, शिवाय पोट रिकामे राहिल्यास त्याची आतडी मंदावतात. यास्तव शस्त्रक्रियेपूर्वी कुत्र्यामांजराप्रमाणे त्यास उपाशी ठेवू नये, ही बाब सशांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडून आधीच निश्चित करून घ्यावी.

पूर्वी सौम्य असलेला प्रौढ ससा एकाएकी चावू लागला, तर स्वभावाचा दोष न काढता दाढांचे टोकदार कंगोरे, कानातील गोचिडीसदृश किडे, तळव्यांवरील जखमा किंवा सांधेदुखी यांची तपासणी आधी करवावी. दंशाची जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी व धनुर्वाताच्या लसीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. सशापासून अलर्क रोग होणे अत्यंत विरळा असले, तरी त्याच सशावर कुत्र्याने अथवा अन्य प्राण्याने हल्ला केलेला असल्यास ती हकीकत डॉक्टरांस अवश्य सांगावी.