घुमटाचे तडे आणि अंतःकरणाचे परीक्षण

रोम येथील संत पेत्राच्या महामंदिराचा घुमट मायकेलअँजेलो यांनी योजिला आणि त्यांच्या मृत्यूनंतर जाकोमो देल्ला पोर्ता यांच्या हातून तो १५९० साली उभा राहिला. सुमारे ४२ मीटर अंतर्व्यासाच्या या प्रचंड कवचाला पुढे तडे गेले. अठराव्या शतकाच्या मध्यास ते एवढे ठळक झाले की घुमट कोसळेल अशी भीती रोममध्ये व्यक्त होऊ लागली. तेव्हा पोप बेनेदिक्त चौदावे यांनी १७४२ साली तीन गणितज्ञांना पाहणी करावयास सांगितले. तिघेही धर्मसंघीय होते : येशूसंघाचे रॉजर बॉस्कोविच आणि मिनिम संघाचे तोमा ल सर व फ्रांस्वा जाकिये. यांपैकी मिनिम संघाच्या दोघांनी न्यूटनच्या महाग्रंथाची सटीप आवृत्ती सिद्ध केली होती.

तिघांनी तड्यांची नोंद घेतली, घुमटाच्या बाह्य रेट्याचे गणित मांडले आणि अधिक लोखंडी कडी बसवावीत असा अभिप्राय दिला. पुढील वर्षी पादुआचे प्राध्यापक जोव्हान्नी पोलेनी यांना पाचारण करण्यात आले. त्यांनी घुमटाच्या भागांच्या प्रमाणात ३२ भार लावलेली साखळी टांगून तिचा आकार तपासला. तो उलटा केला असता घुमटाच्या जाडीत सामावतो, असे त्यांस आढळले. यावरून घुमटाचा घाट मूलतः निर्दोष आहे आणि तड्यांची कारणे अन्यत्र शोधावी लागतील, असे त्यांचे मत झाले. तथापि कडी बसविण्याचा उपाय त्यांनाही मान्य होता, आणि १७४३-४४ मध्ये पाच कडी बसविण्यात आली. तडे तेच, पाहणारे विद्वान, उपायही एकच. परंतु कारणाविषयी मात्र मतभेद. तडा दिसणे आणि तड्याचा अर्थ कळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा या प्रकरणाचा पहिला धडा होय.

याच वास्तूची पाहणी आपल्या काळात निराळ्या साधनांनी झाली. ११ नोव्हेंबर २०२४ रोजी व्हॅटिकनने, मायक्रोसॉफ्ट व इकोनेम या संस्थांच्या साहाय्याने तयार केलेली महामंदिराची संगणकीय प्रतिकृती जाहीर केली. ड्रोन, कॅमेरे व लेसर यांच्या द्वारे चार लाखांहून अधिक छायाचित्रे घेण्यात आली होती. भेगा कोठे आहेत व मोझेकचे तुकडे कोठे गळाले आहेत, हे शोधण्याच्या कामी कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग झाला. जेथे पूर्वी परांची बांधून माणसाला चढावे लागे, तेथे आता उडता डोळा पोहोचतो.

हा डोळा पाहावयास कसा शिकतो? आकाशातून घेतलेली छायाचित्रे यंत्राकडून वाचून घेण्याचा प्रयत्न नवा नाही. फ्रँक रोझनब्लॅट यांनी १९५८ साली परसेप्ट्रॉन या शिकणाऱ्या यंत्राची कल्पना प्रसिद्ध केली, आणि पुढील काही वर्षांत हवाई छायाचित्रांतील विमाने व जहाजे त्याच्याकडून ओळखवून घेता येतील काय, याची अमेरिकेत चाचपणी झाली. २०१२ नंतर अनेक थरांच्या जाळ्यांमुळे या विद्येला खरा वेग आला. मूळ रीत मात्र साधी आहे. माणूस सहस्रावधी चित्रांवर ‘येथे तडा आहे’, ‘येथे नाही’ अशी खूण करतो. यंत्र अंदाज बांधते. अंदाज चुकला की आतील आकड्यांत किंचित फेरफार होतो, आणि असे असंख्य वेळा घडल्यावर न पाहिलेल्या चित्रातही तडा ओळखता येऊ लागतो. यंत्राचे उत्तर ‘होय’ वा ‘नाही’ असे नसते. ते संभाव्यतेचा अंक असते. किती अंकापुढे तडा मानावा, ही मर्यादा माणसाने ठरवावयाची. ती खाली आणली तर सावली, डाग, कोळ्याचे जाळेही तडे ठरतात. वर नेली तर खरा तडा निसटतो. दोन्ही चुका एकाच वेळी पूर्णपणे टाळता येत नाहीत.

आत्मिक जीवनाच्या इतिहासात या दोन्ही चुका पुरातन आहेत. लोयोलाचे संत इग्नाशियस १५२२ साली मान्रेसा येथे असताना त्यांना पापशंकेने ग्रासले होते. सविस्तर पापनिवेदन झालेले असूनही काहीतरी राहून गेले, या विचाराने ते तळमळत. गतकालातील जे अगदी स्पष्ट असेल तेवढेच सांगावे, अशी आज्ञा त्यांच्या पापनिवेदक गुरूंनी केली. परंतु त्यांना सर्वच अगदी स्पष्ट वाटत असल्यामुळे तिचा उपयोग झाला नाही. आपल्या भाषेत म्हणावयाचे तर मर्यादा ठरविली गेली, पण मोजणारे मनच बिघडलेले होते. शेवटी जुनी पापे पुन्हा न सांगण्याचा निश्चय करून, देवाच्या दयेने, ते मोकळे झाले. या अनुभवातूनच त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या ग्रंथातील पापशंकेविषयीच्या सूचना समजून घ्याव्या लागतात : वैरी निबर मनाला अधिक निबर करतो आणि हळव्या मनाला अधिक हळवे, म्हणून साधकाने त्याच्या उलट दिशेने जाऊन मध्य साधावा.

याहूनही महत्त्वाचे आहे ते इग्नाशियसच्या विवेकपरीक्षणाचा क्रम. त्याच्या पाच पायऱ्यांतील पहिली दोषशोधनाची नाही. ती मिळालेल्या कृपादानांबद्दल उपकारस्मरणाची आहे. दुसरी पापे ओळखण्यासाठी कृपा मागण्याची. तिसऱ्या पायरीवर हिशेब, चौथीवर क्षमायाचना, पाचवीवर सुधारणेचा संकल्प. बॉस्कोविच ज्या संघाचे सदस्य होते त्यात हे परीक्षण दिवसातून दोनदा करण्याचा परिपाठ होता. घुमटाचे तडे गणिताने पाहणाऱ्या या पुरोहितास अंतःकरणाकडे मात्र आधी उपकारस्मरण करून मगच पाहण्याचे वळण लाविले गेले होते.

येथेच पाहणी आणि प्रार्थना यांतील भेद उघड होतो. पाहणीत एक पाहतो व दुसरी वस्तू पाहिली जाते. छायाचित्र यंत्राकडे उलट पाहत नाही. प्रार्थनेत, उलटपक्षी, पाहणारा स्वतः पाहिला जात असतो. मन व अंतःकरण देवाकडे उंचावणे ही दमास्कसच्या संत योहानांची व्याख्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने स्वीकारली. त्याच ग्रंथाने मननाचे वर्णन करताना आर्स गावच्या त्या शेतकऱ्याचीही आठवण दिली आहे, ज्याने पवित्र मंजूषेसमोर आपण ख्रिस्ताकडे पाहतो व ख्रिस्त आपल्याकडे, एवढेच सांगितले होते. तेथे शोध नाही, मोजमाप नाही. केवळ परस्परदृष्टी आहे. २८ जानेवारी २०२५ च्या ‘अँतिक्वा एत नोव्हा’ या व्हॅटिकनच्या निवेदनाने मानवी बुद्धी ही केवळ कामे उरकण्याची शक्ती नसून ती देहधारी, नातेसंबंधांत जगणारी व सत्याकडे उन्मुख आहे असे प्रतिपादिले, त्याचा प्रार्थनेच्या बाबतीत हाच अर्थ होतो.

याचा आपल्या सेवाकार्याशी निकट संबंध आहे. विवेकपरीक्षणाची प्रश्नावली आज संगणकाकडून क्षणार्धात तयार करून घेता येते, आणि तीत काही निंद्य आहे असे नव्हे. पूर्वी छापील प्रश्नावल्या होत्याच. परंतु ज्या तरुणास आपण प्रश्नावली देऊन एवढेच शिकवू की ‘दोष शोध’, तो एक तर काहीच सापडत नाही म्हणून निर्धास्त होईल, नाहीतर सर्वत्र तडेच दिसतात म्हणून खचून जाईल. अशा खचलेल्या माणसाला अधिक बारीक यादी देणे म्हणजे आधीच अतिसंवेदनशील झालेल्या यंत्राची मर्यादा आणखी खाली आणणे होय. त्याला हवा असतो तो यादी बाजूस ठेवून क्षमा झाली आहे असे अधिकाराने सांगणारा धर्मगुरू, आणि परीक्षणाचा आरंभ उपकारस्मरणाने करावयास शिकविणारा धर्मशिक्षक.

घुमटाला पाच कडी बसली आणि तो आजही उभा आहे. त्याच्या तड्यांवर यापुढे यंत्रे लक्ष ठेवतील, आणि ते इष्टच आहे. त्या घुमटाखाली गुडघे टेकणाऱ्याचे अंतःकरण मात्र यंत्राच्या हाती सोपवावयाचे नाही. त्याच्या भेगा जो पाहतो, तो त्या सांधण्यासाठी पाहतो.