कंटाळ्याचे निरीक्षण

दुपारचा शेवटचा तास. शाळा वाशीम जिल्ह्यातील धनजची असो की मुंबईची, ‘सर, कंटाळा आला’ हे वाक्य सर्वत्र ऐकू येते. मग आपण शिक्षक गोष्ट, गाणे किंवा कोडे शोधू लागतो. कंटाळा हे रिकामे भांडे आहे आणि ते भरलेच पाहिजे, असे आपण धरून चालतो. हे गृहीत तपासून पाहण्यासारखे आहे.

आपल्या राज्यात नेमकी उलटी वाट चोखाळली गेली आहे. सत्यनारायण गोयंका (१९२४–२०१३) हे ब्रह्मदेशात मंडाले येथे जन्मलेले उद्योजक. अर्धशिशीवर उपाय सापडेना, म्हणून १९५५ साली ते रंगूनला ऊ बा खिन यांच्याकडे ध्यान शिकण्यासाठी गेले. हे गुरू सरकारी हिशेबखात्यातील वरिष्ठ अधिकारी होते. केवळ डोकेदुखीसाठी आलेल्या या गृहस्थांना त्यांनी प्रथम नकारच दिला! पुढे १९६९ च्या जुलैत गोयंकांनी भारतातील पहिले विपश्यना शिबिर मुंबईत घेतले. १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी हे या कार्याचे मुख्य केंद्र बनले.

शिबिर दहा दिवसांचे असते. बोलणे, वाचणे, लिहिणे बंद. पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास जाणायचा. त्याला वळण लावायचे नाही. कंटाळा येणारच. परंतु येथे तो पळवून लावायचा नसतो, पाहायचा असतो. अंगात चुळबुळ कोठे होते, ती कशी वाढते आणि आपोआप कशी ओसरते, हे साधकाच्या ध्यानी येऊ लागते.

हे सोपे मात्र नाही. अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या टिमथी विल्सन यांनी २०१४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. माणसांना १५ मिनिटे एकटे, नुसते विचार करत बसवले. जवळ विजेचा सौम्य झटका देणारे बटण होते. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असे आधी सांगणाऱ्या १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ स्त्रियांपैकी ६ जणींनी ते बटण स्वतःहून दाबले!

मग मुलांना डोळे मिटून बसवावे काय? महाराष्ट्रात ‘मित्र’ उपक्रमातून श्वासाचे निरीक्षण, म्हणजे आनापान, शाळांत पोहोचले. ब्रिटनमध्ये मात्र ८५ शाळांतील ८,००० हून अधिक मुलांवर झालेल्या अशाच स्वरूपाच्या चाचणीत (२०२२) नेहमीच्या शिक्षणापेक्षा अधिक लाभ दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी फारसा सरावच केला नव्हता. लादलेले ध्यान हा आणखी एक कंटाळवाणा तास ठरू शकतो.

आम्हाला वाटते, सुरुवात लहान असावी. दोन मिनिटे शांत बसावे, ज्याला नको त्याने बसू नये. नंतर ‘कंटाळा कोठे जाणवला? तो बदलला का?’ एवढेच वहीत लिहावे. शिक्षकांनीही लिहावे. आपला तास खरोखरच नीरस होता, असे त्यातून निघाले तर तेही मान्य करावे. निरीक्षणाची पहिली अट प्रामाणिकपणा हीच आहे.