डाय आणि टायर

सुरतेत कास्टिंगवाल्याला रबर म्हटलं की डायच आठवतो. अंगठीचा धातूचा मास्टर कच्च्या रबराच्या थरांमध्ये ठेवायचा, चौकट प्रेसमध्ये सुमारे 150 अंशांवर शिजवायची आणि थंड झाल्यावर ब्लेडने नागमोडी कापत डायच्या दोन फाळ्या करायच्या. खानदेशातून इथे आल्यावर मी हेच काम शिकलो. घरी छोट्या मोटारींची टायरं करतो, तीही याच विद्येच्या जोरावर.

ही विद्या 1839 सालापासून सुरू होते. गंधक मिसळून तापवलेलं रबर उन्हात चिकट होत नाही आणि ताणलं तरी मूळ आकारात परततं, हे अमेरिकेत चार्ल्स गुडइयरला तेव्हा सापडलं. असं रबर दागिन्याच्या कामात वापरण्याच्या पद्धतीवर टी. जी. युंगरसन याने 1938 मध्ये पेटंट मिळवलं. वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि 1949 मध्ये पेटंट रद्द झालं. मेण वितळवून धातू ओतायची रीत प्राचीन, सोळाव्या शतकात इटालियन सोनार चेल्लीनीलाही ठाऊक असलेली. मग यात नवीन ते काय, असा न्यायालयाचा सूर होता. मला तो निकाल अर्धाच पटतो. मेणाची रीत जुनी खरी, पण एकाच मास्टरवरून केलेल्या डायमध्ये मेण भरून शेकडो मेणाच्या प्रती काढायची सोय रबराने दिली. सुरतेतला दागिन्यांचा कारखाना त्या सोयीवरच चालतो.

खेळण्यातल्या मोटारींनाही रबराने चाकं दिली. लिव्हरपूलच्या मेकॅनो कंपनीच्या डिंकी मोटारींना दुसऱ्या महायुद्धाआधी पांढरी रबरी टायरं असत. पुढे डिंकीच्या जुन्या साच्यांवर कलकत्त्यात निकी टॉइज निघाल्या. त्या मोटारींचा ओतीव धातू बहुधा टिकतो, टायर मात्र कडक होतं आणि हवेतल्या ओझोनने तडकतं. प्लॅस्टिकच्या किटमधली मऊ व्हिनाइलची टायरं तर आतलं तेल सोडून रिमच खातात. म्हणून हौशी माणसाला टायर घरी करावं लागतं.

माझी आवडती गाडी अँबेसिडर. तिचं चाक टायरसकट सुमारे 66 सेंटिमीटर धरलं, तर 1/24 मापात साडेसत्तावीस मिलिमीटर होतं. पितळेचा मास्टर लेथवर किंचित मोठाच काढतो, कारण शिजलेलं रबर आकसतं. खाचा बारीक करवतीने. डाय कापताना छेद टायरच्या मधल्या रेषेवर घेतला की शिवण नक्षीत लपते.

त्या डायमध्ये काळा रंग कालवलेलं सिलिकॉन ओततो. इथे गुडइयरचं गंधक आडवं येतं: प्लॅटिनमवर घट्ट होणारं सिलिकॉन गंधकाच्या रबराला लागलं की तिथे चिकटच राहतं. टिनवालं घेतलं तर नीट बसतं. ते काही वर्षांनी ठिसूळ होतं खरं, पण मास्टर पितळेचा आहे आणि डाय कपाटात आहे. नवी चार टायरं ओतायला एक संध्याकाळ पुरते.