पेठेतील बाण आणि परतणारे पुष्पक

बंगळूर शहराचा अग्निबाणांशी असलेला संबंध फार जुना आहे. एके काळी शहाजीराजांच्या जहागिरीत असलेले हे शहर पुढे हैदर व टिपू यांच्या अमलाखाली आले, आणि तेथील तारामंडलपेटेत बाणांचे कारखाने चालू लागले. कागदी वा वेळूच्या नळीऐवजी लोखंडी नळी वापरल्याने दारूचा अधिक दाब सहन होई व पल्ला वाढे, हे या कारागिरांचे खरे कर्तृत्व होय; पोल्लिलूर येथे 1780 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेस त्याचा प्रत्यय आला, आणि 1792 च्या श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात, जेथे हरिपंत फडक्यांची फौज इंग्रजांच्या बाजूस होती, तेथेही हे बाण सुटले.

सुटलेला बाण मात्र कायमचा खर्ची पडे, आणि उपग्रह नेणाऱ्या अग्निबाणांचा हिशेबही दीर्घकाळ तसाच राहिला. डिसेंबर 2015 मध्ये फाल्कन-9 या अग्निबाणाचा पहिला टप्पा उपग्रह सोडण्याच्या कामगिरीवरून भूमीवर सुखरूप परतला, आणि खासगी उड्डाणांचा दर उतरण्याचा मार्ग मोकळा झाला. आपल्याकडे इस्रोचे पंखधारी पुष्पक यान चित्रदुर्गच्या धावपट्टीवर 2023 व 2024 मध्ये मिळून तीनदा स्वतः उतरले. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या खेपेचेच धड जसेच्या तसे वापरले गेले, ही बाब मला उतरण्याच्या कौशल्याहूनही मोलाची वाटते, कारण डागडुजीचा खर्च किती लागतो यावरच पुनर्वापराचा सारा नफा अवलंबून असतो.