जुने विमान घेताना आपण नेमके काय घेतो?

मित्रहो, आजचा विषय वाचून एकदोघांनी विचारले, तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या माणसाला जुन्या विमानांचं काय पडलंय? आम्हाला विमान घ्यायचे नाही. पेन्शनीत ते बसतही नाही. पण त्यात दडलेला प्रश्न आमच्याच विषयातला आहे. जुने बिझनेस जेट घेणारा माणूस नेमके काय विकत घेतो?

उदाहरण घेऊ १२५ जातीच्या विमानाचे. दोन इंजिने, आठेक माणसांची सोय, मध्यम आकार. १३ ऑगस्ट १९६२ रोजी इंग्लंडमधल्या हॅटफील्डहून ते पहिल्यांदा उडाले, तेव्हा नाव डी हॅविलंड. पुढे हॉकर सिडली झाले, १९७७ पासून ब्रिटिश एअरोस्पेस. १९९३ मध्ये हा धंदा अमेरिकेच्या रेथिऑनने घेतला आणि विमानांची जुळणी कॅन्ससमधल्या विचिटाला गेली. २००७ मध्ये हॉकर बीचक्राफ्ट आली, २०१२ मध्ये तिने दिवाळखोरीचा अर्ज केला, आणि या जेटचे उत्पादन थांबले. म्हणजे बघा, आज कुणी हॉकर ८०० घ्यायला निघाला तर त्याला जुनेच मिळणार.

बरं, त्या जुन्यात जुने किती उरलेले असते? इंजिने ठरावीक तासांनी उघडतात, त्यांचे भाग बदलतात. चाकांची यंत्रणा मुदतीने काढून दुरुस्त होते. कॉकपिटमधली उपकरणे नवी येतात, खुर्च्या नव्या, रंग नवा. प्लुटार्कने सांगितलेले थिसियसचे जहाज आठवा. कुजलेली फळी काढायची, नवी ठोकायची, तर जहाज तेच का? आपल्याकडे नागसेनाने मिलिंद राजाला हेच विचारले होते: चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का?

विमानाच्या व्यवहारात या प्रश्नाला रोकडे उत्तर आहे. विमानाची ओळख त्याच्या अनुक्रमांकात आणि त्याच्या नोंदवह्यांत असते. कोणता भाग कुठून आला, कधी बसवला, किती तास चालला, सही कुणाची. मधली एखादी वही हरवली, तर लखलखीत विमानाचीही किंमत उतरते.

ही कारकुनी नव्हे. ८ सप्टेंबर १९८९ रोजी ऑस्लोहून हॅम्बुर्गला निघालेले एक भाड्याचे कॉन्व्हेअर ५८० डेन्मार्कच्या किनाऱ्याजवळ समुद्रात कोसळले. आतली ५५ च्या ५५ माणसे गेली. ते जेट नव्हते, टर्बोप्रॉप होते; पण ३६ वर्षांचे आणि अनेक मालकांच्या हातून गेलेले. शेपटीचा उभा पंख धरून ठेवणारे बोल्ट आणि त्यांच्या जोडीचे काही भाग अप्रमाणित, कमी ताकदीचे असल्याचे चौकशीत निघाले. नुसत्या डोळ्यांना बोल्ट बोल्टासारखाच दिसतो. फरक असतो तो कुळाचा, आणि कूळ कागदावरच कळते.

म्हणून या खरेदीला एक रीत पडली आहे. इसाराची रक्कम विक्रेत्याच्या हाती न देता तिसऱ्याकडे ठेवतात. अमेरिकेत विमानांची सरकारी नोंदणी ओक्लाहोमा सिटीत असल्याने असे मध्यस्थही तिथेच दाटलेले आहेत. तिथे विमानावर कुणाचे कर्ज वा बोजा आहे का, ते तपासतात. मग खरेदीपूर्व तपासणी होते. इंजिनात बारीक कॅमेरा घालून पाती पाहतात, सांगाड्यावर गंज शोधतात आणि बसवलेला प्रत्येक महत्त्वाचा भाग वहीशी ताडून बघतात. इंजिन दर तासाला पैसे भरण्याच्या देखभाल योजनेत असेल तर तेही पाहतात. हप्ते थकलेले असतील तर ते ओझे नव्या मालकाच्या गळ्यात येऊ शकते.

इथेच माणूस घसरतो. तपासणीला वेळ जातो, पैसा जातो आणि विक्रेता म्हणतो, आमचे मेकॅनिक वर्षानुवर्षे हेच विमान बघतात, त्यांनाच विचारा ना! ते मेकॅनिक प्रामाणिक असतीलही. पण स्वतःच्या कामाची परीक्षा स्वतःच घेणे कठीण असते, हे आम्हा मास्तरांना कुणी सांगायला नको. तपासणारा वेगळा हवा आणि तो घेणाऱ्याने निवडलेला हवा.

तेव्हा तुमच्यापैकी कुणावर असा प्रसंग आलाच, तर आधी खुर्च्यांचे चामडे बघू नका. वह्या मागा, आणि पहिल्या पानापासून वाचा.