स्वच्छ एक्स-रेचा भरवसा

मल्टिपल मायलोमा या अस्थिमज्जेच्या कर्करोगात हाडं पोखरली आहेत का, हे पाहण्यासाठी कवटीपासून मांड्यांपर्यंत एक्स-रे काढण्याची प्रथा जुनी आहे. आजाराचे टप्पे ठरवणाऱ्या १९७५ च्या ड्युरी-सॅल्मन वर्गवारीतही ते जमेस धरलेले आहेत. ‘एक्स-रेत काही नाही, म्हणजे हाडांत काही नाही’ हा समज त्यातूनच रुजला. एक्स-रे स्वस्त आहे, सहज मिळतो, किरणोत्सर्गही कमी, असा हा समज बाळगणाऱ्यांचा युक्तिवाद. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत, पण त्यावरून तो निष्कर्ष निघत नाही.

हाडातलं ३० ते ५० टक्के खनिज गेल्याशिवाय साध्या एक्स-रेत पोखर दिसत नाही. शिवाय कणा, बरगड्या, कटिभाग इथं सावल्या एकमेकींवर पडतात, आणि हा आजार नेमका तिथंच फार आढळतो. आंतरराष्ट्रीय मायलोमा कार्यगटाच्या २०१७ च्या अभ्यासात २१२ रुग्णांपैकी सुमारे चौथ्या हिश्शाचे एक्स-रे स्वच्छ होते, पण सीटी स्कॅनमध्ये पोखर दिसली. लक्षणं नसलेल्या रुग्णात एवढ्यावरून ‘थांबून पाहू’चं ‘उपचार सुरू करू’ होतं.

मग बोन स्कॅन करावा, असं काही जण सुचवतात. तेही इथं लागू पडत नाही. बोन स्कॅनमधलं टेक्नेशियम नवं हाड बनतं तिथं साठतं. मायलोमा तर हाड बांधणाऱ्या पेशींनाच दडपतो, म्हणून पोखर असूनही स्कॅन कोरा येऊ शकतो.

पहिली तपासणी असावी कमी मात्रेचा सर्वांगीण सीटी. त्यात किरणोत्सर्ग एक्स-रेपेक्षा जास्त असला तरी नेहमीच्या सीटीपेक्षा बराच कमी असतो. दुखऱ्या रुग्णाला वारंवार कुशीवर वळवावं लागत नाही. शिरेतून कॉन्ट्रास्ट द्यावा लागत नाही, आणि मूत्रपिंडं अनेकदा दुखावणाऱ्या या आजारात ते मोलाचं आहे. सीटीतून उलगडा झाला नाही, तर मज्जा पाहणारा सर्वांगीण एमआरआय करावा. त्यात ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठे एकाहून अधिक डाग दिसले, तर याच कार्यगटाच्या २०१४ च्या निकषांनुसार आजार सक्रिय ठरतो. उपचार लागू पडतो आहे का, हे पेट-सीटी सांगतो.

एक्स-रे टाकाऊ झालेला नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला मारहाण झाल्याचा संशय असेल, तर सर्व हाडांचे एक्स-रे आजही पहिली तपासणी आहेत. मायलोमातही सीटी मिळतच नसेल, तर ते जरूर काढावेत. पण ते स्वच्छ आले म्हणून रुग्णाला निर्धास्त करून घरी पाठवू नये, पुढच्या तपासणीसाठी सीटी असेल तिथं पाठवावं.