वचनाच्या मागचे-पुढचे

शिवाजी पार्कहून गोखले रोडच्या दिशेने थोडे चालले की पोर्तुगीज चर्च लागते. कंडक्टर आणि टॅक्सीवाले याच नावाने ओळखतात ते हे अवर लेडी ऑफ साल्व्हेशन चर्च. मूळ स्थापना १५९६ची, आजची वास्तू चार्ल्स कोरिया यांनी १९७०च्या दशकात उभारलेली. उलट दिशेला, माहीमच्या सेंट मायकलमध्ये, बुधवारच्या नोव्हेनाला सर्व धर्मांची माणसे रांग लावतात. बायबल या भागाला परके नाही. तरी बहुतेकांची त्याच्याशी ओळख होते ती सुट्या वाक्यांतून: डोळ्याबद्दल डोळा, सुईच्या नाकातून उंट, दुसरा गाल. अग्रलेखात, भाषणात, व्हॉट्सॲपच्या शुभेच्छांत ही वाक्ये एकटीच फिरतात. ख्रिस्ती घरातही भिंतीवरच्या कॅलेंडरवर वेगळे काही नसते. त्या वाक्यांना त्यांच्या जागी परत नेऊन वाचायचे, एवढाच या पुस्तकाचा विषय आहे.

मराठी वाचकाला हे काम अवघड वाटू नये. राचोलला १६१६ साली छापलेल्या ‘क्रिस्तपुराणा’त थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने बायबलची कथा सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली. ती सृष्टीच्या उत्पत्तीपासून सुरू होते, सुट्या वचनांपासून नव्हे. बाबा पदमनजींनी नव्या करारावर मराठीत टीका लिहिली. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्ख्या बायबलचे मराठी केले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. आणि ख्रिस्ती परंपरेबाहेर पाहायचे तर ग्रंथाचे तात्पर्य कसे ठरवावे, याची मीमांसकांची कसोटी लोकमान्यांनी ‘गीतारहस्या’च्या पहिल्याच प्रकरणात मांडली आहे: आरंभ काय, शेवट काय, पुन्हा पुन्हा काय सांगितले आहे. तीच कसोटी इथे लावून पाहावी. ती लावायला श्रद्धा लागत नाही आणि असलेल्या श्रद्धेला तिने धक्काही पोहोचत नाही.

‘डोळ्याबद्दल डोळा’ घ्या. आपल्याकडे हे सुडाचे ब्रीद म्हणून वापरले जाते. पण उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायात लामेख नावाचा एक माणूस आपल्या बायकांसमोर बढाई मारतो, की माझा सूड सत्त्याहत्तरपट असेल. ज्या जगात एका जखमेपायी कुळेच्या कुळे कापली जात, तिथे एका डोळ्याला फार तर एकच डोळा, असे म्हणणे हा सुडाला घातलेला बांध होता. शिवाय निर्गमच्या २१व्या अध्यायात दोन ओळी पुढे गेलात, तर मालकाने आपल्या दासाचा डोळा फोडला तर काय, याचा नियम सापडतो. तिथे मालकाचा डोळा फोडायला सांगितलेले नाही. त्या डोळ्याच्या मोबदल्यात दासाला मोकळे करायचे आहे. या दोन ओळी वगळून हे वचन किती पिढ्यांनी वापरले असेल!

दुसरे उदाहरण मला सर्वांत प्रिय. यिर्मयाच्या २९व्या अध्यायातले अकरावे वचन, देवाचे बेत तुमच्या हिताचे आहेत अशा आशयाचे, आज परीक्षेच्या आणि नोकरीच्या शुभेच्छापत्रांवर असते. मुळात ते एका पत्रातले वाक्य आहे. इ.स.पू. ५९७मध्ये नबुखद्नेस्सराने यरुशलेमचा राजा, सरदार आणि कारागीर बाबिलोनला नेले. त्यांना यिर्मयाने ते पत्र धाडले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा सांगतो, दोन वर्षांत सगळे परत येतील. यिर्मया कळवतो, सत्तर वर्षे लागतील. घरे बांधा, बागा लावा, मुलांची लग्ने करा, आणि ज्या शहरात नेले गेलात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा. म्हणजे ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना आपल्या हयातीत घर दिसणार नव्हते. गिरणगावात ‘दोन वर्षांत गावी परत’ म्हणत आलेल्या आणि चाळीतच नातवंडे पाहिलेल्या कोकणी माणसाला या पत्राची चव शुभेच्छापत्र लिहिणाऱ्यापेक्षा अधिक कळेल. अर्थात त्याला कुणी बेड्या घालून आणलेले नव्हते. त्या वचनातला दिलासा खोटा नाही. तो एकट्याला नसून समूहाला दिलेला आहे, आणि लांबच्या मुदतीचा.

मात्र इतिहासाच्या नावाखालीही दंतकथा खपतात, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे. यरुशलेमला ‘सुईचे नाक’ नावाचा बुटका दरवाजा होता आणि ओझे उतरवून, गुडघे टेकून उंट त्यातून जाई, असे प्रवचनांत हमखास सांगतात. अशा दरवाजाचा पुरावा नाही. मार्कचा दहावा अध्याय पुढे वाचला तर त्याची गरजही उरत नाही: शिष्य थक्क होऊन विचारतात, मग तरणार तरी कोण, आणि येशू म्हणतो, माणसाला हे अशक्यच आहे. दरवाजा काढला की वाक्याची धार परत येते. श्रीमंतांना ती बोचते म्हणूनच बहुधा दरवाजा लोकप्रिय झाला असावा.

काही ठिकाणी अभ्यासकांतच मतभेद आहेत. प्रकटीकरणात लावदिकीयाच्या मंडळीला ‘कोमट’ म्हटले आहे. जवळच्या हेरापलीला गरम पाण्याचे झरे होते, कलस्सैला थंड पाणी. लावदिकीयात पाणी नळांतून आणावे लागे आणि चुन्याची पुटे चढलेले ते दगडी नळ आजही तुर्कस्तानात पाहता येतात. गरम पाणी उपयोगी, थंडही उपयोगी, कोमट निरुपयोगी, अशी उकल त्यावरून करतात. ती सर्वांना पटलेली नाही. आम्ही दोन्ही बाजू मांडल्या आहेत. कौल तुम्ही द्यावा.

सुरुवात कुठून करावी? यिर्मयाचे २८ आणि २९ हे अध्याय एका बैठकीत वाचा, मग निर्गम २१, मग मार्क १०. वचनांचे आकडे नंतरच्या काळात घातलेले आहेत. पहिल्या वाचनात त्यांच्याकडे दुर्लक्ष केलेले बरे. बोलणारा कोण, ऐकणारे कोण आणि त्यांच्यावर कोणती वेळ आली होती, एवढे समासात पेन्सिलीने टिपत जा. पौलाची पत्रे मात्र शेवटी घ्या. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात, सातव्या अध्यायापासून, तो त्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो; ते प्रश्न ज्या पत्रात होते, ते पत्र हरवले आहे.